स्टेंटच्या किमतीला मर्यादा आली, मग रुग्णालयाच्या बिलाला का नाही? वैद्यकीय साहित्य, यंत्रसामग्री आणि सोलापूर

भवानीपेठकर

राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने १३ फेब्रुवारी २०१७ रोजी अधिसूचना काढून हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी उघडी ठेवण्यासाठी तिच्यात बसवायच्या जाळीदार नळीची, म्हणजे स्टेंटची, कमाल किंमत ठरवून दिली. साध्या धातूच्या स्टेंटला ७,२६० रुपये आणि औषधलेपित स्टेंटला २९,६०० रुपये. त्याआधी औषधलेपित स्टेंटची सरासरी छापील किंमत १,२१,४०० रुपये होती. प्राधिकरणानेच प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार कारखान्यापासून रुग्णापर्यंतच्या साखळीत सर्वाधिक नफा रुग्णालयाच्या पातळीवर घेतला जात होता आणि काही ठिकाणी तो ६५४ टक्क्यांपर्यंत पोहोचला होता. त्याच वर्षी १६ ऑगस्टला कृत्रिम गुडघ्याच्या सांध्यालाही मर्यादा आली. सर्वाधिक वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा सरासरी १,५८,३२४ रुपयांना मिळत असे, तो ५४,७२० रुपयांवर आणला गेला. माझ्या समजुतीप्रमाणे आरोग्यसेवेच्या खर्चाबाबत अलीकडच्या काळात सरकारने उचललेले हे सर्वांत ठोस पाऊल होते आणि ते योग्यच होते.

धागा काढण्याचे कारण त्यापुढचे आहे. माझ्या मेहुण्यांची नुकतीच आपल्याच शहरातील एका खासगी रुग्णालयात अँजिओप्लास्टी झाली. स्टेंटची किंमत दरवर्षी घाऊक महागाईच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे औषधलेपित स्टेंटची मर्यादा आता अडतीस-एकोणचाळीस हजारांच्या घरात आहे. बिलातली स्टेंटची रक्कम त्या मर्यादेच्या आतच होती, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र त्या ओळीच्या खाली ‘कॅथलॅब चार्जेस’ (अँजिओप्लास्टी करतात त्या कक्षाचे शुल्क), त्याखाली ‘बलून’ (रक्तवाहिनी रुंदावणारा फुगा), त्याखाली ‘गाईड वायर’ (त्याला वाट दाखवणारी बारीक तार) आणि सर्वांत शेवटी ‘कन्झ्युमेबल्स’, म्हणजे वापरून टाकायचे साहित्य, असा एकच शब्द आणि त्यापुढे स्टेंटपेक्षाही मोठी रक्कम होती. त्या एका शब्दात काय काय आले याची यादी मागितली, तेव्हा ‘पॅकेजमध्ये तसे वेगळे काढता येत नाही’ असे उत्तर मिळाले. रुग्णालयाचे नाव मी येथे घेणार नाही, कारण ही पद्धत एकाच ठिकाणची नाही.

माझा प्रश्न असा की एकेका वस्तूची किंमत बांधून उपचाराचा खर्च खरोखर आटोक्यात येतो का, आणि येत नसेल तर सरकारने दुसरे काय करायला हवे? या मंचावर वैद्यकीय क्षेत्रातील, लेखापरीक्षणातील आणि सरकारी सेवेतील मंडळी आहेत. त्यांनी अनुभवाने लिहावे अशी विनंती आहे.

अक्कलकोटरोड

आपण मांडलेला मुद्दा गुडघ्याच्या बाबतीत मी जवळून पाहिला आहे. आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली तेव्हा सांध्याच्या किमतीबद्दल कोणीच खळखळ केली नाही. डॉक्टरांनी आपणहून सांगितले की सरकारी मर्यादा आहे आणि त्यापेक्षा एक रुपयाही जास्त लागणार नाही. सांध्याच्या प्रत्येक भागाच्या खोक्यावरचे स्टिकर काढून आईच्या फाईलमध्ये चिकटवले होते. त्यावर कंपनीचे नाव, आकार, लॉट क्रमांक, सर्व काही होते. ती फाईल आजही घरात आहे आणि पुढे कधी सांध्यात दोष निघाला तर तोच एक आधार आहे.

परंतु खोलीभाडे, शस्त्रक्रियागृहाचे भाडे, भूल, फिजिओथेरपी आणि पुन्हा तेच ‘साहित्य’ हे सारे सांध्याच्या किमतीसह मिळून होणारी एकूण रक्कम शेजारच्यांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी होती तेवढीच होती, आणि त्यांची शस्त्रक्रिया मर्यादा येण्याच्या आधी झालेली होती. म्हणजे सांध्याचे जे लाखभर रुपये कमी झाले, ते दुसऱ्या शीर्षांखाली जाऊन बसले असे म्हणायला जागा आहे.

डॉ_रेल्वेलाईन्स

मी रेल्वे लाईन्स भागात वीस खाटांचे रुग्णालय चालवतो. वरील दोन्ही प्रतिसादांतील निरीक्षण मी नाकारणार नाही. स्टेंट आणि सांध्यावरचा नफा हा अनेक रुग्णालयांच्या उत्पन्नाचा मोठा भाग होता. तो एका दिवसात गेला, तेव्हा इतर सेवांचे दर वर सरकले. ज्या वस्तूंवर कमाल किमतीची मर्यादा नाही, त्यांच्याबाबत कायदा एवढेच सांगतो की छापील किंमत बारा महिन्यांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नये. मुळात छापील किंमतच अवाच्या सवा ठेवली असेल तर या नियमाने काहीच साधत नाही. प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्ली परिसरातील चार मोठ्या खासगी रुग्णालयांच्या बिलांचा अभ्यास केला. त्यात औषधे आणि एकदाच वापरून टाकायच्या साहित्यावरचा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत आढळला होता. ती रुग्णालये छापील किमतीचा भंग करत नव्हती, कारण त्यांच्या घाऊक खरेदीसाठी कंपन्या छापील किंमतच फुगवून देत होत्या.

परंतु दुसरी बाजूही लिहिणे माझे कर्तव्य आहे. लहान रुग्णालयाला यंत्र घ्यायचे म्हणजे बँकेचे कर्ज, आणि हप्ता रुग्ण आला किंवा न आला तरी चुकत नाही. रुग्णालयाच्या बहुतेक सेवांवर जीएसटी नाही, त्यामुळे यंत्रावर भरलेल्या जीएसटीची वजावट आम्हाला मिळत नाही आणि तो कर थेट खर्चात जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक वैद्यकीय उपकरणांवरील दर बारा आणि अठरा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला, याचा खरोखर उपयोग झाला. दुसरीकडे आयात उपकरणांवर २०२० च्या अर्थसंकल्पापासून पाच टक्के आरोग्य उपकर आहे. देशी उत्पादकाला हातभार लागावा हा त्यामागचा हेतू मला मान्य आहे, परंतु सीटी आणि एमआरआयसारखी मोठी यंत्रे अजून बहुतांशी बाहेरूनच येतात आणि त्यांचा भार शेवटी रुग्णावरच पडतो.

सरकारी योजनांच्या पॅकेज दरांबद्दल आणि दाव्यांचे पैसे येण्यास लागणाऱ्या वेळेबद्दल स्वतंत्र धागा काढता येईल. येथे एवढेच सांगतो की ज्या पॅकेजमध्ये खर्च निघत नाही ते पॅकेज घ्यायला रुग्णालये टाळाटाळ करतात आणि फटका गरिबाला बसतो. दर बांधणे सरकारच्या हाती आहे, मात्र तो दर वेळेवर चुकता करणे हेही त्याच निर्णयाचा भाग मानले पाहिजे.

प्रा_सातरस्ता

डॉक्टरसाहेबांनी कर्जाच्या हप्त्याचा उल्लेख केला, त्यावर अर्थशास्त्राचा शिक्षक म्हणून थोडे लिहितो. यंत्र विकत घेतले की ते चालते ठेवण्याची निकड निर्माण होते आणि त्या निकडीतून तपासण्या वाढतात, हे निरीक्षण जुने आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने १९६४ मध्ये असा कायदा केला की नवीन रुग्णालय बांधण्यापूर्वी किंवा मोठा विस्तार करण्यापूर्वी त्याची गरज आहे असे प्रमाणपत्र सरकारकडून घ्यावे लागेल. १९७४ मध्ये संघ सरकारने कायदा करून इतर राज्यांनाही ते करायला लावले आणि महागड्या यंत्रांची खरेदी त्या कक्षेत आली. तो केंद्रीय कायदा १९८६ मध्ये रद्द झाला, कारण खर्च अपेक्षेप्रमाणे कमी झाला नाही आणि ज्यांच्याकडे आधीच यंत्रे होती त्यांना मात्र स्पर्धेपासून संरक्षण मिळाले. अनेक राज्यांत तसे कायदे आजही आहेत.

भारतात सोनोग्राफी यंत्राची नोंदणी होते, परंतु ती गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी. शहरात किती सीटी आहेत, किती एमआरआय आहेत, त्यांतील किती सरकारी आहेत आणि आणखी किती लागतील याचा हिशेब कोणी मांडत नाही. आपल्याकडे कलबुर्गी, विजयपूर, धाराशिवपासून रुग्ण येतात, त्यामुळे केवळ सोलापूरची लोकसंख्या धरून गरज काढताही येणार नाही. अमेरिकेसारखे परवाने आपल्याकडे आणावेत असे माझे मत नाही. परवाना म्हटले की त्यामागोमाग काय येते हे आपण जाणतो. निदान माहिती तरी सर्वांसमोर असावी.

हिशेबनीस

संपूर्ण बिलावर नियंत्रण ठेवता येते का, या मूळ प्रश्नाचे उत्तर सोलापूरने एकदा पाहिलेले आहे. कोविडच्या साथीत, २१ मे २०२० रोजी राज्य शासनाने अधिसूचना काढून खासगी रुग्णालयांतील ऐंशी टक्के खाटांचे दर बांधले. विलगीकरण कक्षासाठी दिवसाला ४,०००, व्हेंटिलेटरशिवाय अतिदक्षता विभागासाठी ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. पुढे जून २०२१ मध्ये शहरांचे तीन गट केले. सोलापूर ‘ब’ गटात आले आणि आपल्यासाठी हेच दर अनुक्रमे ३,०००, ५,५०० आणि ६,७०० रुपये झाले. दरात काय समाविष्ट आहे आणि कशाचे पैसे वेगळे घेता येतील, हेही अधिसूचनेत लिहिलेले होते.

त्या काळात बिले तपासण्याच्या कामात मी होतो, म्हणून अनुभवाने सांगतो की दरपत्रक भिंतीवर लावल्याने काहीही होत नव्हते. फरक पडत होता तो बिल रुग्णाच्या हाती पडण्यापूर्वी लेखापरीक्षकाच्या टेबलावर येत होते म्हणून. एकाच पाळीत वापरलेले पीपीई किट कक्षातील प्रत्येक रुग्णाच्या बिलात पूर्ण लावलेले दिसे. जैववैद्यकीय कचऱ्याचे शुल्क रोज धरलेले असे. ‘इतर साहित्य’ अशी ओळ आली की आम्ही औषधदुकानाच्या पावत्या मागवत असू. पावत्या आल्या की रक्कम बहुतेक वेळा खाली येई. काही बिले पूर्णपणे चोख होती, हेही नमूद करतो. त्या डॉक्टरांनी त्या दिवसांत जे काम केले त्याला तोड नाही.

परंतु त्याची कायदेशीर मर्यादाही लक्षात घ्यावी. ती अधिसूचना साथरोग आणि आपत्ती व्यवस्थापनाच्या कायद्यांच्या आधाराने निघाली होती. कोविड नसलेल्या रुग्णांचे दर बांधण्याचा भाग मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२० मध्येच रद्द केला. म्हणजे साथ संपली की तो अधिकारही संपला. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही, आपल्याकडे १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा चालतो. त्याच्या नियमांत २०२१ मध्ये सुधारणा होऊन रुग्णहक्कांची सनद आणि ठरावीक सेवांचे दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. दर किती असावा हे ते नियम सांगत नाहीत, जो आहे तो दाखवा एवढेच सांगतात. तेवढेही सगळीकडे पाळले जाते असे म्हणवत नाही.

भवानीपेठकर

हिशेबनीस यांचे मनःपूर्वक आभार. बिल हातात पडण्यापूर्वी कोणीतरी तपासत होते म्हणून फरक पडला, हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. २०१७ च्या स्टेंटच्या आदेशातही अशीच एक अट आहे आणि ती किमतीच्या आकड्याइतकी चर्चिली गेली नाही. रुग्णालयाने बिलात स्टेंटची किंमत वेगळी दाखवावी आणि सोबत ब्रँड, उत्पादक किंवा आयातदार आणि बॅच क्रमांक लिहावा, अशी ती अट आहे. स्टेंटच्या बाबतीत मर्यादा पाळली गेली त्यामागे ही स्वतंत्र ओळ आहे, असे मला वाटते. हीच सक्ती बलून, वायर, कॅथेटर, टाके घालण्याचे स्टेपलर, हातमोजे, सर्वांना लागू केली तर किंमत न बांधताही निम्मे काम होईल. जी वस्तू बिलात दिसत नाही तिच्या किमतीवर ना रुग्ण प्रश्न विचारू शकतो, ना न्यायालय, ना विमा कंपनी.

विजया_पूर्वभाग

मी पूर्व भागात विडी कामगार भगिनींच्या कागदपत्रांचे काम करते. आमच्याकडे बिलाच्या आधीचा प्रश्न असतो. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत सोलापूर होते. तीच आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, आणि केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडून चालते. पूर्वी कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे संरक्षण होते, जुलै २०२४ पासून पाच लाख झाले आणि पिवळे-केशरी शिधापत्रिकेची अटही उरली नाही, सर्व कुटुंबे पात्र झाली. इतक्या वर्षांनंतरही आमच्या भागात अनेक घरांना ही गोष्ट दवाखान्याच्या दारात पोहोचल्यावर कळते आणि तोपर्यंत अनामत रक्कम भरलेली असते.

एक उदाहरण लिहिते. एका बाईंच्या पतीच्या हृदयाची शस्त्रक्रिया योजनेतून मंजूर झाली. मंजुरीनंतर त्यांना सांगण्यात आले की योजनेतले साहित्य साधे असते, चांगले हवे असेल तर वरचे पैसे भरा. त्यांनी विड्या वळून जमवलेले सोन्याचे मणी मोडायची तयारी केली होती. योजनेत मंजूर झालेल्या उपचारासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत, ही गोष्ट त्यांना कोणी सांगितली नव्हती. आरोग्यमित्राकडे, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाकडे, आम्ही लेखी विचारणा केली तेव्हा तो विषय तिथेच थांबला आणि शस्त्रक्रिया योजनेतूनच झाली. दारावर आरोग्यमित्राचे टेबल कुठे आहे हे आधी विचारावे, आणि अडचण आली तर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी, एवढे दोन मुद्दे प्रत्येक वाचकाने आपल्या घरी काम करणाऱ्या, आपल्या कारखान्यात असणाऱ्या माणसांना सांगावेत.

धर्मादाय रुग्णालयांबद्दलही सांगते. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचे कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना यांनुसार विश्वस्त संस्थांच्या मोठ्या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी निम्म्या दराने ठेवायच्या असतात. त्यासाठी एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकायची असते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. हा दाखला आजार येण्यापूर्वी काढून ठेवावा. रुग्ण अतिदक्षता विभागात असताना नातेवाइकांनी सेतू केंद्रात रांगेत उभे राहणे फार वाईट असते.

बायोमेडिकल_अभियंता

आतापर्यंतची चर्चा खासगी बिलाभोवती फिरली आहे. मी सरकारी खरेदीच्या बाजूने लिहितो, कारण सरकारी रुग्णालयातले यंत्र बंद पडले की तोच रुग्ण रस्ता ओलांडून खासगी केंद्रात जातो आणि सरकारने यंत्रावर केलेला खर्चही वाया जातो, रुग्णाचाही वाढतो.

केंद्राने २०१५ च्या सुमारास राज्याराज्यांतील सरकारी आरोग्य केंद्रांतल्या उपकरणांची मोजणी केली, तेव्हा राज्यागणिक तेरा ते चौतीस टक्के उपकरणे बंद स्थितीत आढळली. त्यातून राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली उपकरण देखभालीचा कार्यक्रम सुरू झाला. जिल्हा रुग्णालयातील उपकरणे पंच्याण्णव टक्के काळ चालू राहिली पाहिजेत, ग्रामीण रुग्णालयात नव्वद आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ऐंशी टक्के, असे लक्ष्य ठेवले गेले. कल्पना उत्तम होती. ज्या ठिकाणी उपकरणांवर क्रमांकाची चिठ्ठी लागली आणि दुरुस्तीची तक्रार दूरध्वनीवर नोंदवता येऊ लागली तेथे लहानसहान यंत्रे खरोखर लवकर सुरू झाली.

मोठ्या यंत्रांचे दुखणे वेगळे आहे. निविदा उघडताना सर्वांत कमी बोली पाहिली जाते, आणि ती बोली बहुतेकदा केवळ यंत्राच्या किमतीची असते. सीटी स्कॅनचे उदाहरण घ्या. त्यातली क्ष-किरण नळी ही झिजणारी वस्तू आहे, ठरावीक वापरानंतर ती बदलावीच लागते आणि तिची किंमत लाखांत असते. वॉरंटीचा काळ संपला आणि नळी गेली की खरी परीक्षा सुरू होते. साध्या वार्षिक देखभाल करारात सुटे भाग येत नाहीत. सर्वसमावेशक करारात येतात, पण त्याचा दर खरेदीच्या वेळीच ठरवून घेतलेला नसेल तर नंतर कंपनी सांगेल तो दर, कारण त्या यंत्राला दुसऱ्या कोणाची नळी बसत नाही. त्यात खरेदीचे पैसे एका लेखाशीर्षातून येतात, देखभालीचे दुसऱ्या आणि फिल्म व रसायनांचे तिसऱ्याच. पहिल्या शीर्षात पैसा आला म्हणून दुसऱ्यात येतो असे नाही. यंत्राच्या लोकार्पणाला मंत्री येतात, देखभाल कराराच्या नूतनीकरणाला कोणी येत नाही.

रक्ततपासणीच्या यंत्रांचे आणखी एक गुपित सर्वांना कळावे. काही यंत्रे बंद पद्धतीची असतात, म्हणजे त्यांत त्याच कंपनीचे रसायन चालते, दुसऱ्याचे टाकले तर यंत्र ते स्वीकारत नाही. असे यंत्र अगदी स्वस्तात, कधी फुकटही मिळते. पाच वर्षांत रसायनावर होणारा खर्च मोजला तर महाग दिसणारे खुल्या पद्धतीचे यंत्र परवडलेले असते. निविदेत यंत्राची किंमत, वॉरंटीनंतरचा करार आणि अपेक्षित तपासण्यांची रसायने अशी तिन्हींची बेरीज करून बोली तुलना करावी, एवढा एकच नियम कडकपणे पाळला तरी खर्चात मोठा फरक पडेल.

आपल्या हवामानाचीही नोंद घ्यायला हवी. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो. यंत्राच्या खोलीतला एसी बंद पडला आणि वीज कमी-जास्त झाली की इलेक्ट्रॉनिक सर्किटे जळतात. एका ग्रामीण रुग्णालयात क्ष-किरण यंत्रावर प्लॅस्टिकचे आवरण तसेच होते, आवरणावर धुळीचा थर होता, आणि कारण विचारले तर तीन फेजची वीजजोडणी मिळालेली नव्हती. यंत्र येण्यापूर्वी खोली, वीज आणि तंत्रज्ञ तयार असल्याचा दाखला मागितला गेला असता तर ते यंत्र तसे पडून राहिले नसते.

भांडारपाल_निवृत्त

सरकारी भांडारात उभी हयात गेली, त्यामुळे अभियंता साहेबांच्या शब्दाशब्दाशी सहमत आहे. महाराष्ट्राने २०१७ मध्ये औषधे आणि उपकरणांची खरेदी हाफकिन महामंडळाकडे एकवटली. एकत्रित खरेदीने दर खाली येतात हा विचार बरोबर होता. परंतु मागणीपत्र वर जायचे आणि माल येईपर्यंत इतका काळ जायचा की खाली स्थानिक खरेदी करावी लागे, आणि स्थानिक खरेदीचा दर अर्थातच चढा. शेवटी २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन करावे लागले.

तमिळनाडूने हेच काम १९९४ मध्ये स्थापन केलेल्या वैद्यकीय सेवा महामंडळाद्वारे केले आहे. तिथे जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे आहेत. प्रत्येक रुग्णालयाला पासबुक असते, त्यात वर्षाची रक्कम लिहिलेली असते आणि रुग्णालय आपल्या गरजेप्रमाणे माल उचलते. माल आल्यावर नमुना प्रयोगशाळेत जातो. तेच महामंडळ सरकारी रुग्णालयांत सीटी आणि एमआरआय केंद्रेही माफक शुल्कात चालवते. शुल्क घ्यावे की नाही यावर मतभेद होतील, पण यंत्र चालवायचे उत्तरदायित्व एका संस्थेवर आहे. आपल्याकडे यंत्र बंद पडले की अधिष्ठाता खरेदी यंत्रणेकडे बोट दाखवतात, यंत्रणा कंपनीकडे आणि कंपनी थकलेल्या बिलाकडे.

डॉ_रेल्वेलाईन्स

भवानीपेठकर यांनी सुचवलेल्या तपशीलवार बिलाला माझा पाठिंबा आहे. माझ्या रुग्णालयात संगणकावर साठ्याची नोंद असतेच, त्यामुळे प्रत्येक वस्तूची ओळ छापणे अवघड नाही. ज्यांनी ‘वेगळे काढता येत नाही’ असे सांगितले त्यांनाही साठ्याचा हिशेब ठेवावाच लागत असणार. फक्त ही सक्ती सर्वांना एकाच वेळी हवी. मी एकट्याने तपशील दिला आणि समोरच्याने नुसता पॅकेजचा आकडा सांगितला, तर रुग्णाला माझेच बिल लांबलचक आणि महाग वाटते, हा माझा अनुभव आहे.

आणखी एक गोष्ट. औषधे आणि साहित्य रुग्णालयाच्याच दुकानातून घेण्याची सक्ती करता येत नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१९ मध्ये राज्यांना पाठवलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत औषधे व तपासण्या कुठून घ्यायच्या हे ठरवण्याचा हक्क रुग्णाला आहे. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या प्रश्नावर सरसकट आदेश न देता धोरण ठरवण्याची जबाबदारी राज्यांवर टाकली. मात्र शस्त्रक्रिया चालू असताना कोणी बाहेर जाऊन वायर आणत नाही, त्यामुळे या हक्काचा उपयोग नेहमीच्या औषधांपुरता होतो. त्यासाठी जनऔषधी केंद्रे उत्तम आहेत, मी स्वतः रक्तदाब आणि मधुमेहाच्या रुग्णांना तिकडे पाठवतो.

अक्कलकोटरोड

घरगुती उपकरणांबद्दल एक लहान भर. जुलै २०२१ मध्ये ऑक्सिमीटर, रक्तदाब मोजण्याचे यंत्र, नेब्युलायझर, डिजिटल तापमापक आणि ग्लुकोमीटर या पाच वस्तूंच्या व्यापारी नफ्यावर सत्तर टक्क्यांची मर्यादा घातली गेली. किंमत थेट बांधण्याऐवजी मधल्या नफ्याला चाप लावण्याची ही पद्धत मला बलून आणि वायरसाठी जास्त योग्य वाटते, कारण त्यांचे प्रकार शेकडो आहेत आणि प्रत्येकाची किंमत ठरवत बसणे अशक्य आहे.

हिशेबनीस

सहमत आहे. त्याआधी फेब्रुवारी २०१९ मध्ये कर्करोगाच्या ४२ औषधांवर तीस टक्के व्यापारी नफ्याची मर्यादा याच पद्धतीने आली होती. नफ्याची मर्यादा पहिल्या विक्रीच्या किमतीवर मोजली जाते, त्यामुळे छापील किंमत फुगवण्यात अर्थ उरत नाही. तपासणाऱ्यालाही एकच कागद मागावा लागतो, कंपनीने वितरकाला दिलेले पहिले बीजक. हे दोन उपाय, म्हणजे प्रत्येक वस्तूची बिलात ओळ आणि पहिल्या विक्रीवर बांधलेला नफा, एकत्र आले तरच स्टेंटचे यश बाकीच्या साहित्यापर्यंत पोहोचेल. एक असून दुसरा नसेल तर उपयोग अर्धाच.

भवानीपेठकर

चर्चेतून दोन कामे स्पष्ट दिसतात. पहिले, जिल्हाधिकारी आणि महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे आपण सह्यांचे निवेदन देऊ की शुश्रूषागृह नियमांनुसार दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावली आहे का याची तपासणी व्हावी आणि वस्तुनिहाय बिल देण्याबाबत सूचना निघावी. हिशेबनीस यांनी मसुदा पाहावा अशी विनंती. दुसरे, माहिती अधिकारात जिल्ह्यातील सरकारी रुग्णालयांकडे एक अर्ज करायचा. पाच लाखांपेक्षा जास्त किमतीच्या प्रत्येक यंत्राची खरेदीची तारीख, किंमत, वॉरंटी संपण्याची तारीख, सध्याचा देखभाल करार आणि गेल्या वर्षात ते किती दिवस बंद होते, एवढे प्रश्न मी लिहिले आहेत. काही सुटले असेल तर सांगावे.

बायोमेडिकल_अभियंता

‘किती दिवस बंद होते’ याचे उत्तर ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ असे येईल. त्याऐवजी यंत्राच्या लॉगबुकच्या आणि दुरुस्तीच्या तक्रार नोंदवहीच्या प्रती मागा. त्या असतातच आणि द्याव्याच लागतात. दिवस आपण मोजू.

भांडारपाल_निवृत्त

सोबत प्रलंबित मागणीपत्रांच्या प्रतीही मागा, वर पाठवल्याच्या जावक क्रमांकासह. खालच्या अधिकाऱ्याने मागणी वेळेवर केली होती की नाही हे त्यावरून कळते. कनिष्ठ कर्मचाऱ्यावर विनाकारण ठपका येणार नाही. अर्ज विषयवार वेगळे करावेत, एकाच अर्जात सगळे घातले तर तो परत येतो. छायांकित प्रतींचे शुल्क पानाला दोन रुपये पडेल, त्यात माझा वाटा धरावा.

विजया_पूर्वभाग

निवेदनाच्या तेलुगू आणि कन्नड प्रती आम्ही करून घेऊ. पूर्व भागात सह्या मिळवण्याची जबाबदारी माझी. उत्पन्नाच्या दाखल्याचा आणि आरोग्यमित्राचा मजकूरही त्याच कागदाच्या मागे छापावा, म्हणजे सही करणाऱ्याच्या हातात काहीतरी उपयोगाचे राहील.